गोव्याच्या दमट हवेत टिकणारं मिक्स्ड मीडिया चित्र: धुण्यापासून टांगण्यापर्यंत

आषाढ लागला की घराघरातून त्याच तक्रारी कानावर येतात. भिंतीवरच्या चित्राचे शिंपले गळाले, कापडावर काळे ठिपके आले, कागदाला फुगे आले, रंगाचे पोपडे सुटले. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘गोंद चांगला नव्हता.’ इतकी वर्षं हे काम करून मी एक गोष्ट ठामपणे सांगू शकते. गोंद क्वचितच दगा देतो. दगा देतं ते गोंदाखाली राहून गेलेलं काहीतरी: शिंपल्यातलं मीठ, करवंटीवरचं तेल, कापडातली खळ, फळीतली ओल. माझ्या पहिल्या चित्रातले शिंपले केरीच्या किनाऱ्यावर वेचलेले होते. नळाखाली नुसते खंगाळले, उन्हात वाळवले आणि चिकटवले. मे महिन्यात ते दगडासारखे घट्ट होते. जुलैत एकेक करून खाली आले, प्रत्येकाची पाठ कोरी, आणि गोंदाचा पापुद्रा फळीवर तसाच, ओलसर.

म्हणून या लेखात रेखाटन आणि रंगसंगतीवर कमी लिहिलं आहे, तयारी आणि क्रमावर जास्त. मिक्स्ड मीडिया म्हणजे एकाच चित्रात वेगवेगळं साहित्य वापरणं. उदाहरणासाठी एकच चित्र घेऊ: अंगणातलं तुळशीवृंदावन. त्यात कागद, कापड, लाल माती, शिंपले, करवंटी, काथ्या असं सगळं येतं, म्हणजे प्रत्येक साहित्याची खोड कळते. आकार १२ × १६ इंच. पहिल्या खेपेला यापेक्षा मोठं घेऊ नका.

१. दिवस कोणते निवडायचे

दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंतचे महिने या कामासाठी उत्तम. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर या काळात रेखाटन करा, कागद जमवा, माती गाळून ठेवा, पण चिकटवणं आणि वार्निश टाळा. पावसाळ्यात गोंद वरून सुकलेला दिसतो आणि आतून आठवडाभर ओला राहतो.

दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. पहाटे हवेत ओल सर्वांत जास्त असते, ऊन चढलं की ती कमी होते. म्हणून गोंदाचं आणि वार्निशचं काम सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधे उरका. संध्याकाळी दर्याकडून खारं वारं आत येतं, तेव्हा काम उघड्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवू नका. पंखा हवा, पण तो कामावर रोखलेला नको, खोलीत हवा खेळती ठेवणारा हवा.

पूर्ण चित्राला साधारण तीन आठवडे लागतात. त्यात हाताने काम करण्याचे तास दहा-बारा असतील. बाकी सगळं वाळण्याची वाट पाहणं. रविवारी सुरू करून रविवारीच संपवायचं असं ठरवलं तर चित्र नक्की बिघडतं.

२. फळी

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) स्वस्त, गुळगुळीत आणि मोहात पाडणारं असतं. आपल्याकडे ते घेऊ नका. कडेने ओल शिरली की ते पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही. ताणलेला कॅनव्हासही या कामाला नको, कारण शिंपल्या-करवंटीच्या वजनाने तो मधे झुकतो आणि वरचा थर तडकतो.

प्लायवूड घ्या. हार्डवेअरच्या दुकानात आयएस ७१० लिहिलेलं मरीन प्लाय मागा. ते महाग वाटलं तर आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं) चालेल. नुसतं ‘एमआर’ (फक्त दमटपणा सोसणारं) लिहिलेलं घेऊ नका. जाडी ९ ते १२ मिमी. सुताराकडे फर्निचरची कामं चालू असतील तर असे तुकडे उरलेले मिळतात.

फळी घरी आणली की दोन दिवस उभी ठेवून वाळू द्या. मग कडा १२० नंबरच्या सँडपेपरने घासा, धूळ कोरड्या फडक्याने पुसा. नंतर एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असं पातळ मिश्रण करून पुढे, मागे आणि चारही कडांना लावा. मागची बाजू सोडून देणं ही सर्रास होणारी चूक. एक बाजू बंद आणि एक उघडी राहिली की उघडी बाजू ओल पिते, फळी वाकते आणि पुढचे थर ताणले जाऊन फुटतात.

> तपासणी: फळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वजन उतरत असेल तर आतली ओल अजून बाहेर पडते आहे. सलग दोन दिवस आकडा तोच आला की पुढे जा.

३. साहित्य धुणं

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान हा टप्पा नीट वाचा.

शिंपले. किनाऱ्यावरून आणायची गरजच नाही. तिसऱ्यांचं (खाण्याच्या शिंपल्यांचं) सुकं झालं की टोपलीभर शिंपले घरातच उरतात, खुबे आणि शिनाणे या दुसऱ्या खाण्याच्या शिंपल्यांचेही. किनाऱ्यावरच्या रिकाम्या शंखांत शंखखेकडे राहायला येतात, तेवढं घर त्यांना राहू द्यावं. शिवाय प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ओळख पटत नसेल तर हात लावू नका.

स्वयंपाकघरातल्या शिंपल्यांना आत, सांध्यापाशी, मांसाचा बारीक तंतू चिकटून राहतो. तोच पुढे वास मारतो आणि मुंग्या बोलावतो. शिंपले दहा मिनिटं उकळा, जुन्या टूथब्रशने सांधा घासा. मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, यात तीन-चार तास ठेवा. नंतर साध्या पाण्यात तीन दिवस भिजत घाला आणि पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदला. किनाऱ्यावरचे असतील तर पाच दिवस.

एवढं कशासाठी? मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते ते आपण रोज पाहतो. शिंपल्याच्या बारीक छिद्रांत राहिलेलं मीठ तेच करतं, फक्त गोंदाच्या खाली.

> तपासणी: शेवटच्या भिजवणीचं एक चमचा पाणी स्टीलच्या ताटलीत एका बाजूला घाला, दुसऱ्या बाजूला विहिरीचं किंवा नळाचं साधं पाणी एक चमचा. ताटली उन्हात ठेवा. सुकल्यावर शिंपल्यांच्या पाण्याचा पांढरा वळ दुसऱ्यापेक्षा दाट दिसला तर अजून मीठ आहे, अजून एक दिवस भिजवा.

> खबरदारी: शिंपले चमकावेत म्हणून व्हिनेगर, चिंच किंवा कोकमाच्या आगळात ठेवू नका. शिंपला चुन्याचाच असतो, आंबट पदार्थ त्याला खातो आणि पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडासाचं ॲसिड, कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

करवंटी. बाहेरचे धागे सुरीने खरवडा, मग ८०, १२०, २२० या क्रमाने सँडपेपर. आतली तपकिरी साल आणि खोबऱ्याचा अंश पूर्ण काढा, कारण त्यातच तेल असतं. भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात धुवा आणि चार दिवस वाळवा. आता सगळ्यांत मोठी चूक: करवंटी घासून झाली की तिला खोबरेल तेल चोळायची आपल्याला सवय असते, कारण ती काळीभोर सुंदर दिसते. तेल लावलेल्या करवंटीला कुठलाच गोंद धरत नाही. तेल लावायचंच असेल तर चित्र पूर्ण झाल्यावर, बोटाच्या टोकाने, फक्त वरच्या बाजूला. आणि त्या तुकड्यावर वार्निश चढवायचं नाही.

> तपासणी: करवंटीच्या चिकटवायच्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब गोळीसारखा उभा राहिला तर तेल आहे, पुन्हा धुवा. पसरून आत मुरू लागला तर तयार.

काथ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंभ मिळतो. तो तसाच वापरू नका. उलगडा, पाण्यात रात्रभर भिजवा, पिळून कडक उन्हात दोन दिवस वाळवा. धुळीबरोबर बारीक किडेही निघून जातात.

कापड. कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्याचा तुकडा वृंदावनाच्या खालच्या पट्टीला छान बसतो. नवं कापड असेल तर त्यात खळ असते, आणि खळ म्हणजे बुरशीचं जेवण. गरम पाण्यात दोनदा धुवा. लाल रंग सुटतो का तेही तेव्हाच कळेल. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून पाहा. रंग लागला तर हे कापड पांढऱ्या कागदाशेजारी लावू नका. खळ गेली की नाही याची खात्री टिंक्चर आयोडीनने होते: कोपऱ्यातल्या सुट्या धाग्यावर एक थेंब टाका, धागा निळा-काळा झाला तर खळ बाकी आहे.

कागद. वर्तमानपत्र हौसेने लावलं जातं आणि ते वर्षभरात पिवळं पडतं. खालच्या, झाकल्या जाणाऱ्या थरात ते चालेल, वर नको. दिसणाऱ्या जागी हातकागद किंवा झेरॉक्स वापरा. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई गोंद लागताच पसरते, झेरॉक्सच्या यंत्राची पसरत नाही. आणि आजीच्या वहीचं पान, जुनं पत्र, लग्नपत्रिका, यातलं काहीही मूळ प्रत म्हणून चिकटवू नका. गोंदाखाली गेलेला कागद परत निघत नाही. झेरॉक्स काढा, मूळ कपाटात ठेवा.

पानं. पिंपळाच्या पानाची जाळी वापरायची असेल तर पूर्ण सुकलेलीच घ्या. हिरवं पान नुसतं दाबून चिकटवलं तर आत ओल राहते आणि पान गोंदाखाली काळं पडतं. आपल्या हवेत पुस्तकात ठेवलेल्या पानाला तीन आठवडे द्या, दर तीन दिवसांनी खालचा-वरचा कागद बदला.

४. मातीचा रंग

देवळांच्या भिंतींवरचं कावी काम पाहिलं असेल, तांबडा थर कोरून खालचा पांढरा चुना दाखवलेला. तीच युक्ती आपण वृंदावनाच्या चौथऱ्यासाठी वापरणार आहोत. रंग घरच्या लाल मातीचा. वनस्पतींच्या नैसर्गिक रंगांत आणि यात एक मोठा फरक आहे. मातीचा तांबडेपणा लोहाचा, तो उन्हाने उडत नाही. हळद, जास्वंद, कोकम यांचे रंग ताजे असताना मोहक दिसतात, पण उजेडात काही महिन्यांत फिके होतात. चित्रासाठी ते घेऊ नका.

परसातली, हातभर खालची माती घ्या. रस्त्याकडेची नको, तिच्यात तेल आणि डांबराचे कण असतात. उन्हात वाळवा, खलात कुटा, चाळा. मग निथळून घ्यायची: बादलीत पाणी घालून ढवळा, मनात तीसपर्यंत आकडे मोजा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात अलगद ओता. तळाला राहिली ती वाळू, ती टाकून द्या. असं तीनदा करा. शेवटचं गढूळ पाणी रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका, खाली लोण्यासारखा गाळ राहतो. तो ताटात पसरून वाळवा. माती पिवळसर असेल तर जुन्या लोखंडी तव्यावर चांगली भाजा. हळूहळू ती तांबडी होत जाते. डोळ्यांदेखत होणारा हा बदल मी दरवर्षी तितक्याच आनंदाने पाहते.

बोटांत चोळल्यावर खरखर लागू नये. लागली तर पुन्हा निथळा. कुटताना आणि चाळताना नाका-तोंडाला मास्क लावा.

५. अस्तर

विकतचा जेसो (रंगाखाली लावायचं तयार पांढरं अस्तर) मिळाला तर उत्तम. घरी करायचा तर मी घेते ते प्रमाण असं: खडूची बारीक भुकटी २ वाट्या, फेविकॉल १ वाटी, पांढरा ॲक्रिलिक रंग अर्धी वाटी, पाणी अर्धी वाटी. आधी भुकटी पाण्यात भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग फेविकॉल आणि रंग. उलट केलंत तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

पातळ तीन हात द्या. पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. दोन हातांच्या मधे किमान चार तास. चौथऱ्याच्या जागेवर, जिथे कोरायचं आहे, तिथे आणखी दोन हात. एक दिवस वाळवून २२० नंबरने हलका घासा.

> तपासणी: वाळलेल्या अस्तरावर बोट चोळा. पांढरी पूड बोटाला आली तर फेविकॉल कमी पडला. त्यावर पुढे काम करू नका. पातळ फेविकॉलचा एक हात द्या आणि वाळू द्या.

६. कोरडी मांडणी

गोंदाची बाटली अजून उघडू नका. सगळे तुकडे फळीवर नुसते ठेवून पाहा: खाली अंगणाची जमीन, मधे चौथरा, त्यावर वृंदावनाचा खांब, वर तुळशीची पालवी. करवंटीचे चौकोनी तुकडे चौथऱ्याच्या पायऱ्यांना, शिंपले जमिनीवरच्या रांगोळीला, काथ्या तुळशीच्या खोडाला. फोनवर फोटो काढा. एक दिवस तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. नंतर शिंपले आणि करवंटीच्या तुकड्यांची जागा पेन्सिलीने आखून घ्या. या आखलेल्या जागा पुढे फार उपयोगी पडतात.

७. कागद आणि कापड चिकटवणं

क्रम नेहमी हाच: आधी कागद, मग कापड, मग रंग, मग जड वस्तू, शेवटी वार्निश. पातळ आणि पाणी पिणारं खाली, जड आणि न पिणारं वर.

कागदासाठी दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. मैद्याची खळ करू नका. बुरशी, कसर आणि झुरळं तिघंही तिच्यावर जगतात. जुने बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालत, पण मोरचूद विषारी आहे, मुलंबाळं असलेल्या घरात ते नको.

कागद पाणी प्यायला की पसरतो. सुरकुत्या पडतात त्या याच कारणाने, आणि बहुतेकजण तो पसरायच्या आधीच दाबून टाकतात. म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला गोंद लावून एक मिनिट थांबा, त्याला हवं तेवढं पसरू द्या. मग फळीवरही गोंदाचा पातळ हात देऊन कागद मधून ठेवा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून बाहेर दाबत न्या. कडेला बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. वरून गोंदाचा हात लगेच देऊ नका, चार तासांनी द्या.

कापडाला पाणी न घातलेला गोंद लागतो. गोंद फळीवर पसरवा, कापडावर नाही. वरून बटर पेपर आणि त्यावर जाडजूड पुस्तक, दोन तास. नंतर पुस्तक काढाच. रात्रभर दाबून ठेवलं तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही.

हेअर ड्रायर जवळ धरून घाई करणं टाळा. वरचा पापुद्रा सुकतो, आतली वाफ अडकते आणि फुगे येतात.

> तपासणी: पांढरा गोंद पारदर्शक झाला म्हणजे वाळला असं नाही. हाताची मागची बाजू चित्राच्या मधोमध टेकवा. शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागलं तर पाणी अजून उडतं आहे. थांबा.

अक्षरं हवी असतील, म्हणजे आजीच्या वहीतली एखादी ओळ, तर ती कागद न दिसता उतरवता येते. झेरॉक्स उलटी, आरशातल्यासारखी काढून घ्या. जागेवर ॲक्रिलिक जेल मीडियमचा (रंग नसलेल्या दाट ॲक्रिलिक लेपाचा) हात द्या, झेरॉक्सची शाईची बाजू त्यावर ठेवून दाबा, पूर्ण रात्र वाळू द्या. सकाळी कागद ओला करून बोटाने हळूहळू गोल चोळा, कागदाचा लगदा निघतो आणि अक्षरं राहतात. सरळ झेरॉक्स लावली तर ओळ उजवीकडून डावीकडे उलटी उमटते. इतकी मेहनत घेऊन वाचता न येणारी ओळ पाहणं फार लागतं, म्हणून आधी ‘श्री’ एवढंच अक्षर रद्दी फळीवर उतरवून पाहा.

८. रंग आणि कोरणं

शिंपले-करवंटीच्या आखलेल्या जागांवर आधी मास्किंग टेप लावा. रंगावर चिकटवलेली जड वस्तू रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून येते. तिला थेट अस्तरावर बसू द्या.

चौथऱ्यासाठी: एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, आणि दाट ताकाइतकं होईपर्यंत माती. पातळ दोन हात. गोंद जास्त झाला तर थर रबरासारखा होतो आणि कोरताना सोलून निघतो. कमी झाला तर माती पुसली जाते. आता नेमकी वेळ साधायची: थर हाताला लागत नाही, पण नखाने खूण उमटते. डिसेंबरच्या दुपारी ही वेळ अर्ध्या-पाऊण तासात येते. तेव्हा संपलेल्या बॉलपेनचं टोक किंवा जाड दाभण घ्या आणि कमळाच्या पाकळ्या, वेल, चौकट, जे काढायचं ते कोरा. दाभण तिरकं धरा, उभं नको. निघालेली भुकटी फुंकू नका, मऊ कुंचल्याने झटका. खालचा पांढरा अस्तर लख्ख दिसतो आणि रेघेला एक किंचित खडबडीत कड येते, तीच या कामाची शोभा.

कोरताना लाकूड दिसलं तर हात जड पडतो आहे किंवा अस्तर पातळ आहे. त्या जागी बारीक कुंचल्याने अस्तर भरा.

बाकीचं आकाश, जमीन, पालवी ॲक्रिलिकने. ॲक्रिलिकच्या खाली कधीही तैलरंग लावू नका, तो वरचा रंग धरून ठेवत नाही.

९. जड वस्तू

टेप काढा. ती जागा १२० नंबरने दोन-चार वेळा घासा, पुसा.

तिसऱ्याचा शिंपला उपडा ठेवला तर फळीला टेकते ती नुसती कड. एवढ्याशा कडेवरचा गोंद वर्षभर कसा टिकेल? सुतारांची युक्ती वापरा. फेविकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून घट्ट लगदा करा आणि शिंपल्याची पोकळी भरा. पण एकदम नाही. आज अर्धी भरा, उद्या उरलेली, परवा फळीवर बसवा. एकदम भरली तर आतला गोळा आठवडाभर ओला राहतो आणि तिथेच बुरशी धरते.

करवंटीचा तुकडा वाकडा असतो, म्हणून त्याची मागची बाजू सपाट होईपर्यंत ८० नंबरवर घासा. मोठ्या तुकड्यांना दोन नळ्यांचा इपॉक्सी चांगला, पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळून. हातमोजे घाला. काथ्याला फेविकॉल पुरतो, टाचणीने धरून ठेवा. टाचण्या दुसऱ्या दिवशी काढा, विसरलात तर खाऱ्या हवेत गंजतात आणि भोवती तांबूस डाग पडतो. तार किंवा खिळा कायमचा ठेवायचा असेल तर पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा.

फळी आडवी ठेवून दोन दिवस. उभी केलीत तर शिंपले सरकतात.

> तपासणी: प्रत्येक शिंपल्यावर नखाने टिचकी मारा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ किंवा खुळखुळता आवाज आला तर आत्ताच काढून पुन्हा बसवा. वार्निशनंतर ते शक्य नाही.

चित्रावर काचेसारखा थर यावा म्हणून रेझिन ओतायची हौस अनेकांना असते. पावसाळ्यात तर नकोच. दमट हवेत त्यावर पांढुरका, मेणचट पापुद्रा धरतो. कोरड्या दिवसांतही आधी करवंटी आणि लाकूड पूर्ण बंद करून घ्या, नाहीतर आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. पहिल्या दोन-तीन चित्रांत रेझिन टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे.

१०. वार्निश

शेवटच्या कामानंतर किमान पाच दिवस थांबा. पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश, मॅट किंवा साटन. मातीच्या रंगावर चकचकीत वार्निश प्लास्टिकसारखं दिसतं. मातीच्या भागावर कुंचला एकदाच फिरवा, मागे-पुढे घासू नका, कारण पातळ गोंदातली माती ओलाव्याने सुटू शकते. पातळ दोन हात, मधे पूर्ण एक दिवस. मागच्या बाजूलाही एक हात द्या.

ढगाळ दिवशी स्प्रे वार्निश मारलं तर पांढरट धुकं बसतं. आभाळ भरलं असेल तर काम उद्यावर टाका.

११. टांगणं आणि पावसाळ्याची काळजी

पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पाऊस तिकडूनच झोडपतो आणि चिऱ्याची भिंत ओल आत आणते. घरातली मधली भिंत बरी. चित्राच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फळी यांत बोटभर हवा खेळेल. थेट ऊन येणारी आणि स्वयंपाकघराजवळची जागा टाळा.

कुणाला भेट पाठवायचं असेल तर बबल रॅप चित्राला थेट लावू नका. उन्हाळ्यात तो वार्निशला चिकटतो आणि फुग्यांचे गोल वळ उमटतात. आधी बटर पेपर, मग रॅप.

पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा चित्र काढून मागची बाजू पाहा. बुरशीची सुरुवात नेहमी तिथेच होते. राखाडी डाग दिसला तर मास्क लावून चित्र अंगणात न्या. मागची बाजू सर्जिकल स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. पुढच्या बाजूला स्पिरिट लावायचं नाही, ॲक्रिलिक रंग त्याने विरघळतो. पुढे फक्त कोरडा मऊ ब्रश.

एखादा शिंपला गळालाच तर तो लगेच चिकटवू नका. एका पाकिटात घाला, पाकिटावर त्याची जागा लिहा. त्याच्या पाठीवर काय आहे ते नीट पाहा: गोंदाचा पापुद्रा शिंपल्याला चिकटून आला असेल तर फळीवरचा थर कच्चा होता, शिंपला स्वच्छ कोरा निघाला असेल तर त्यात मीठ किंवा तेल होतं. दिवाळीनंतर तो पुन्हा तीन दिवस भिजवा, वाळवा, घासा आणि त्याच जागी बसवा.